आजीच्या घरात संविधानाची बारा परिशिष्टं

संविधानाची बारा परिशिष्टं मला दोन वर्षं पाठ होत नव्हती. म्हणजे व्हायची, रात्री अकराला अगदी घडाघडा व्हायची, आणि सकाळी चहा पिताना सातवं आठव्यात घुसलेलं आणि दहाव्याच्या जागी अकरावं. अभ्यासिकेतला एक सिनिअर म्हणायचा अरे रट्टा मार, अजून रट्टा मार. मारला. काही उपयोग झाला नाही, फक्त वहीचं पान फाटलं. मग जी पद्धत लागू पडली ती इथे लिहितोय, जशी मी करतो तशी, कुठे आपटलो तेही.

आधी एक करून बघा, वाचता वाचताच. तुम्ही लहानपणी ज्या घरात राहायचात त्याचं दार मनात उघडा. चपला कुठे काढायचात? कॅलेंडर कुठल्या भिंतीला होतं? पाण्याचा माठ डाव्या हाताला का उजव्या? आलं ना पटापट. आणि हे तुम्ही कधी पाठ केलं होतं? कोणी परीक्षा घेतली होती? डोक्याला जागा फुकटात लक्षात राहतात आणि याद्या पैसे देऊनही राहत नाहीत, तर मग यादी उचलायची आणि जागांवर नेऊन ठेवायची, एवढाच सगळा खेळ आहे.

हा खेळ माझा नाही, अडीच हजार वर्षांचा जुना आहे. सिमोनिडीस नावाचा ग्रीक कवी थेसलीत एका मेजवानीला गेला होता, कोणीतरी बोलावतंय म्हणून बाहेर आला आणि मागे छप्परच कोसळलं. आत दबलेली माणसं ओळखू येईनात, तेव्हा याने कोण कुठे बसलं होतं ते आठवून एकेकाचं नाव सांगितलं. ही गोष्ट रोमच्या सिसेरोने लिहून ठेवलीय, खरी किती नि तिखटमीठ किती ते सोडा, पण तिथले वक्ते खरंच तासतासभराची भाषणं अशी घरातल्या खांबांवर नि कोनाड्यांत ठेवून पाठ करायचे. आणि अलीकडचं हवं असेल तर २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी साध्या माणसांना, म्हणजे स्मरणशक्तीचे चॅम्पियन वगैरे नव्हे, ४० दिवस रोज अर्धा तास हीच पद्धत शिकवली. सुरुवातीला त्यांना ७२ शब्दांपैकी सरासरी २६ आठवायचे, शेवटी ६२. मला हा आकडा वाचून फार बरं वाटलं होतं कारण त्यात हुशार असायची अट नाहीये.

आधी घर, मग चित्रं

बहुतेकजण इथेच घाई करतात. आधी चित्रं करत बसतात आणि मग ती ठेवायची कुठे ते शोधतात. उलटं करा. आधी वाट पक्की करा.

माझी वाट म्हणजे राजापूरकडचं आजीचं घर. आता ते घर नाहीये, पाडून तिथे स्लॅबचं झालंय, पण डोक्यातल्या घराला कोण पाडणार, ते कौलारूच आहे. बारा जागा अशा: बेडं (अंगणात शिरायचं फाटक), तुळस, पायरी, ओटीवरचा झोपाळा, माजघराची भिंत, देवघर, चूल, न्हाणीघरातला बंब, मागच्या पडवीतली लोखंडी ट्रंक, गोठा, विहीर आणि परसातलं काजूचं झाड. बघा, मी नुसतं "माजघर" घेतलं नाही, माजघराची भिंत घेतली. खोली फार मोठी असते, तिच्यात चित्र हरवतं. वस्तू घ्या. दोन जागा एकमेकींसारख्या नकोत (चार खिडक्या घेतल्यात तर मेलात), आणि वाट एकदा जिथून गेली तिथून परत यायला नको. वाट आधी रिकामीच फिरा, पुढून मागे, मागून पुढे, असं चारपाच वेळा. सहावी जागा कुठली विचारल्यावर बोटं मोजायला लागू नये, देवघर म्हणून तोंडातून निघालं पाहिजे.

घर नसेल आवडत तर शाळेची वाट, कॉलेजचा कॅम्पस, मैत्रिणीची सोसायटी काहीही चालतं. मुंबईवाले मला सांगतात लोकलची स्टेशनं घेऊ का, चर्चगेट मरीन लाइन्स चर्नी रोड ग्रँट रोड, क्रम तर तयारच आहे. घ्या, पण खरं सांगू का, प्लॅटफॉर्म सगळे सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक स्टेशनची एक वस्तू पकडा, महालक्ष्मीला रेसकोर्सचा घोडा, दादरला फुलबाजार, असं.

आता चित्रं

चित्र नीटनेटकं केलंत तर ते लक्षात राहणार नाही. काल जेवलात ते आठवत नाही पण सात वर्षांपूर्वी लग्नात कोणाच्या तरी अंगावर मठ्ठा सांडला होता ते आठवतं ना, तसं करायचं. काहीतरी सांडलं पाहिजे, वास आला पाहिजे, कोणीतरी ओरडलं पाहिजे. आणि चित्र त्या जागेला चिकटलं पाहिजे, म्हणजे तुळशीच्या *शेजारी* नोटा ठेवल्यात तर उपयोग नाही, तुळशीलाच नोटा लागल्या पाहिजेत.

चला फिरवतो.

बेड्यावर भारताचा नकाशा वाळत घातलाय, ओला आहे, रंग गळून माझ्या पायावर पडतोय. पहिलं परिशिष्ट, राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश. तुळशीला पानांच्या जागी पाचशेच्या नोटा आल्यात आणि राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायाधीश लाईन लावून तोडतायत, आजी काठी घेऊन मागे. दुसरं, पगार नि भत्ते. पायरीवर मंत्री एक हात वर करून उभे, "मी शपथ घेतो की", पण पायरीवर शेवाळ आहे, शपथ संपायच्या आत एकेक घसरतोय. तिसरं. झोपाळ्यावर एसटीत टाकतात तसे रुमाल टाकून जागा धरल्यात, एकटा यूपीवालाच ३१ रुमाल टाकून बसलाय, आपले १९. चौथं, राज्यसभेच्या जागांचं वाटप. माजघराच्या भिंतीवर वारली चित्रं आहेत आणि ती हलायला लागलीत, तारपा वाजतोय, चुन्याचे पोपडे पडतायत. पाचवं, अनुसूचित क्षेत्रं आणि जमाती.

देवघर जरा अवघड होतं कारण सहाव्यात चार राज्यांतले आदिवासी भाग आहेत, आसाम मेघालय त्रिपुरा मिझोराम. तर देवघरात निरांजनाच्या जागी आसामच्या चहाचा कप, वर छोटासा ढग आणि त्यातून पाऊस (मेघालय म्हणजे मेघांचं घरच), बाळकृष्णाच्या हातात लोण्याऐवजी त्रिशूळ आणि त्याला चक्क मिशी. आजी, माफ कर. पण गेली कित्येक वर्षं मिझोराम विसरलेलो नाही.

सातवं माझं सगळ्यात लाडकं, कुठल्या विषयावर कायदा केंद्राने करायचा नि कुठल्या राज्याने त्याच्या याद्या. चुलीवर तीन भांडी. एका पातेल्याला फक्त सासू हात लावणार, ती केंद्रसूची. एक सुनेचं, ती राज्यसूची. आणि मधे एक कढई आहे तिच्यात दोघी झारा घालतायत, ती समवर्ती. दोघींचं वाजलं की सासूचं चालतं, म्हणजे केंद्राचा कायदा वरचढ. फक्त सुनेने आधी सासऱ्यांना विचारून ठेवलेलं असेल तर तिचं चालतं, राष्ट्रपतींची संमती, कलम २५४. सांगायचं काय की चांगलं चित्र नुसतं आठवणीला नाही, समजायलाही कामी येतं, मला हा समवर्तीचा नियम पुस्तकातून जितका कळला नव्हता तितका या कढईतून कळला.

पुढचं भराभर. बंबाच्या तोटीतून पाण्याऐवजी अक्षरं पडतायत, वेगवेगळ्या लिप्यांची, आठवं, भाषा. ट्रंकेत सातबारे कोंबलेत, बाहेर न्यायाधीश कडी वाजवतोय पण कुलूप, नववं, जमीन सुधारणेचे कायदे कोर्टापासून वाचवायला केलेलं (नंतर हे कुलूप ढिलं झालं, १९७३ नंतर आत टाकलेल्या कायद्यांना कोर्टात आव्हान देता येतं, म्हणून माझ्या चित्रात नव्या कागदांची टोकं झाकणाबाहेर आलीत). गोठ्यात खादीचे सदरे घातलेले आमदार दावी तोडून शेजारच्या गोठ्यात उड्या मारतायत, दहावं, पक्षांतरबंदी. विहिरीवर पंचायत भरलीय, अकरावं. काजूच्या झाडाखाली नगरपालिकेची घंटागाडी, बारावं.

हे माझं आहे, तुम्ही उचलू नका. म्हणजे उचला हवं तर, पण टिकणार नाही. मी आधी एका क्लासच्या नोट्समधली तयार चित्रं पाठ केली होती, त्यात झोपाळाही त्यांचा नि विनोदही त्यांचा, आठवड्यात धुतल्यासारखी साफ. चित्र बनवताना जे दोन मिनिटं डोकं खाजवतो ना, त्यातच अर्धं काम होतं.

आकड्यांचं काय

आकड्याला चेहरा नसतो, इथे सगळे अडकतात. इंग्रजीत यासाठी एक व्यंजनांची पद्धत आहे, पण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून कटपयादि आहे आणि ती देवनागरीला अशी बसते की जणू आपल्यासाठीच केली. १ म्हणजे क ट प य, नावच तिथून आलंय. मग २ ख ठ फ र, ३ ग ड ब ल, ४ घ ढ भ व, ५ ण म श (आणि ङ, तो कोणी वापरत नाही), ६ च त ष, ७ छ थ स, ८ ज द ह, ९ झ ध, आणि ० न, ञ. काना मात्रा वेलांटी काहीही लावा, किंमत बदलत नाही. जोडाक्षर असेल तर त्यातलं शेवटचं व्यंजन धरायचं. ळ च्या भानगडीत मी पडत नाही.

कर्नाटक संगीतवाले मेळकर्ता, म्हणजे मूळ रागांचे नंबर असेच लपवतात. धीरशंकराभरणम् मध्ये ध म्हणजे ९ आणि र म्हणजे २, उलट वाचा, २९, आणि तो २९ वाच राग आहे. जुन्या रीतीत आकडा उजवीकडून वाचतात, मी मात्र सरळ डावीकडून वाचतो, परीक्षेत उलटसुलट करत बसायला वेळ कुणाला आहे.

आता मजा बघा. १६७४, राज्याभिषेक. १६ म्हणजे काच, ७४ म्हणजे छावा. रायगडावर सिंहासनावर काचेचा छावा बसवलाय आणि अभिषेकाचं पाणी त्याच्यावरून घरंगळतंय. १७६१, पानिपत. १७ केस, ६१ ताट. पानिपतच्या मैदानात लाखभर माणसांची पंगत बसलीय आणि प्रत्येक ताटात केस. किळस आली ना? मग झालं पाठ. १८५७, १८ काजू आणि ५७ मासा. बराकीत शिपाई काडतूस दाताने तोडायच्या ऐवजी काजू फोडतोय, आणि काजूतून मासा उडी मारून बाहेर. विसाव्या शतकातली सालं असतील तर मी १९ सोडूनच देतो, पुढचे दोन आकडे पुरतात.

मग हे आजीच्या घरात नेऊन टांगलं. आठव्या परिशिष्टात २२ भाषा आहेत, २२ म्हणजे राख, आणि बंबात राख असतेच! नववं १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं, ५१ म्हणजे माप, तर ट्रंकेतल्या सातबाऱ्यांवर पायलीचं माप उपडं ठेवलंय. दहावं ५२ व्या दुरुस्तीने, १९८५ ला. ५२ म्हणजे मीठ आणि ८५ म्हणजे दाम. खाल्ल्या मिठाला जागले नाहीत, दाम घेऊन गेले. हे मी रात्री साडेबाराला जुळवलं आणि रूममधल्या पोराला उठवून सांगितलं, त्याने चादर डोक्यावरून ओढून घेतली. अकराव्यात पंचायतीचे २९ विषय, ७३ वी दुरुस्ती. २९ राधा, ७३ साडी. विहिरीवर राधा नवी साडी नेसून सरपंचपदाची सही करतेय. बाराव्यात १८ विषय, ७४ वी. १८ काजू, झाड आधीच उभं आहे, आणि घंटागाडी चालवतोय कोण, तर छावा.

दरवेळी इतकं सुरेख जमत नाही हं. कितीतरी आकड्यांना शब्दच मिळत नाही आणि मग झकत काहीतरी ओढूनताणून करावं लागतं. चालतं. स्वतःची ०० ते ९९ ची वही करा, रोज पाचसहा शब्द, घाई नको, आणि एकदा १८ ला काजू ठरला की काजूच, उद्या काज नि परवा पाद करत बसलात तर घोळ होईल.

फिरायला जायचं

हे टाळलंत तर वरचं सगळं फुकट. चित्र एकदा केलं की संपलं असं वाटतं आणि तीन दिवसांनी जाऊन बघावं तर झोपाळा रिकामा. मी त्याच रात्री झोपताना एक फेरी मारतो, वही न बघता. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना एक. मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. एका फेरीला दीडदोन मिनिटं लागतात, बसस्टॉपवर होते. महत्त्वाचं म्हणजे अडलं की लगेच वही उघडायची नाही, जागेवर उभं राहायचं, इकडेतिकडे बघायचं, वास घ्यायचा. अर्ध्या वेळा येतं. नाहीच आलं तर समजायचं चित्र मिळमिळीत आहे, त्याला अजून तिखट करायचं. आणि फेरी कधी विहिरीपासून उलटी मारा, कधी मधूनच सुरू करा, कारण पेपरात प्रश्न क्रमाने येत नाहीत.

माझी सगळ्यात मोठी चूक याच घराने केली, म्हणजे मीच. पहिलं यश आलं म्हणून त्याच आठवड्यात त्याच बारा जागांवर मूलभूत कर्तव्यंही बसवली, आणि नद्यांच्या उपनद्याही. सराव पेपरात गोठ्यात शिरलो तर आमदारांच्या शेजारी राष्ट्रध्वज नि वैनगंगा. एका घरात कायमचं ठेवायचं असेल तर एकच यादी. वाणसामान, भाषणाचे मुद्दे असलं तात्पुरतं असेल तर वेगळं घर ठेवा, तिथलं दोनचार दिवसांत आपोआप विरतं. कर्तव्यं मी नंतर शाळेत हलवली, उपनद्या मामाच्या घरी.

सगळ्याचं चित्र करू नका

जे समजून घ्यायचंय ते समजूनच घ्या, त्याला घर नको. पण समजून घ्यायलाही डोळे मिटून बघणं कामाला येतं, फक्त वेगळ्या तऱ्हेने. भाचीला हृदयातलं रक्ताभिसरण येत नव्हतं, तिला म्हटलं आकृती ठेव बाजूला, तू तांबडी पेशी आहेस. पायातून निळसर, दमून आलीस, उजव्या अलिंदात गर्दी, झडपेतून ढकललं उजव्या निलयात, तिथून धक्का बसला तो थेट फुफ्फुसात, तिथे ऑक्सिजन घेतलास, लालबुंद झालीस, डाव्या अलिंदात, मग डावा निलय, तिथल्या भिंती जाड आहेत, का? कारण इथून सगळ्या अंगभर फेकायचंय. "म्हणून जाड!" ती ओरडलीच.

परक्या भाषेच्या शब्दांना आवाजाचा धागा लागतो. शब्द ऐकून मराठीतलं काय आठवतं ते पकडायचं आणि अर्थाशी त्याची टक्कर करायची. जर्मनमध्ये फोगल म्हणजे पक्षी, तर फुगून गोळा झालेला पक्षी, उडता येईना. मेसर म्हणजे सुरी, आमच्या मेसची पोळी सुरीशिवाय तुटायचीच नाही. १९७५ मध्ये स्टॅनफर्डच्या दोघांनी रशियन शब्दांवर ही युक्ती तपासली होती, नुसतं घोकणाऱ्यांपेक्षा बरीच सरस ठरली. पण बोलायला लागलात की हा धागा आपोआप गळून पडतो, पडू द्या.

आता काहीजण म्हणतील मला डोळे मिटले की अंधारच दिसतो. असतं असं, २०१५ मध्ये त्याला अफँटेशिया असं नावही मिळालंय, तो आजार वगैरे नाही. तुम्हाला झोपाळा *दिसला* नाही तरी तो ओटीवर डाव्या हाताला आहे हे माहीत असतं ना, तेवढ्यावर करून बघा, चित्राऐवजी गोष्ट सांगा स्वतःला, किंवा कागदावर खरंच काढा. माझी चित्रकला बघून लोक हसतात, माझा बाळकृष्ण बटाट्यासारखा आलाय, पण काढलेलं जास्त पक्कं बसतं हे मी स्वतः बघितलंय.

आणि ते दुसरं व्हिज्युअलायझेशन, डोळे मिटा आणि लाल दिव्याच्या गाडीत स्वतःला बघा, यादीत पहिलं नाव बघा, त्यावर माझा फार विश्वास नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर तपासलं होतं, छान मार्क मिळाल्याचं चित्र बघणाऱ्यांपेक्षा अभ्यास *करतानाचं* चित्र बघणाऱ्यांना जास्त मार्क पडले. बघायचंच असेल तर सकाळी सहाला कुठल्या खुर्चीवर बसणार, कुठलं पुस्तक उघडणार, फोन कुठल्या कपाटात टाकणार ते बघा.

पेपरात एक काळजी घ्या. डोळे पूर्ण मिटून बसू नका, खाली प्रश्नपत्रिकेकडे बघत फिरा. एकदा दहाव्या परिशिष्टाच्या प्रश्नाला मी डोळे मिटले आणि बहुतेक हसलोही, तर सुपरवायझर मॅडमनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बरं वाटतंय ना रे? पाणी हवंय का?" मी म्हटलं नको मॅडम. त्यांना कसं सांगणार, मी गोठ्यात होतो.